दशमीला रिकामा केलेला नळ

बाबा,

जळात ज्याचा वास, त्या नारायणाच्या कृपेने ही अक्षरे लिहिण्याचे धैर्य या वयात आले. विषय माझ्या लग्नाचा आहे, आणि तुमच्या नळाचाही.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे. कल्याणच्या खाडीकाठाने जमिनीखालून गावाला पाणी आणणारा जुना लोखंडी नळ गळू लागला होता. दुरुस्तीसाठी तो एक दिवस रिकामा करणे भाग होते, आणि पावसाळा तोंडावर आलेला. अमावास्येला कोणाच्या घरी कार्य नसते, तेव्हाच करा, असे सगळे सांगत होते. पाणीखात्यात ते काम तुमच्याकडे होते; तुम्ही दशमी धरलीत. त्याच दशमीला माझा विवाह होता.

लग्नाआधी तुम्ही मला तिथे नेता. नळाशेजारी खणलेल्या खड्ड्यात खाडीचे पाणी पाझरून साचले आहे. नळ गंजून झिजला आहे, वरची माती लोकांनी बांधासाठी खरवडून नेली आहे. "भरलेला आहे म्हणून बसून आहे गं," तुम्ही म्हणता. "अमावास्येच्या उधाणाने या मातीत पाणी चढते. तेव्हा रिकामा केला तर होडीसारखा वर येईल, सांधे निखळतील, गाव कोरडे पडेल. दशमीला भरती मंद असते. तुझ्या सासरच्यांची क्षमा मी मागेन." मला सारे कळते. मी मान हलवते.

मांडवात विहिरीचे पाणी भरले होते. ते मचूळ, ठाण्याच्या वऱ्हाडाला रुचेना. तुम्ही तांब्या घेऊन पंगतीत वाकून क्षमा मागत होतात. आत्तेसासूबाई म्हणाल्या, "व्याही पाणीखात्यात आहेत म्हणे. गोड पाणी बहुधा परक्यांच्या घरी पोचवतात." पंगत हसली, तुम्हीही हसलात. मुंडावळ्यांआड मला तुमची मुलगी असल्याची लाज वाटली. सासरी ती थट्टा वर्षानुवर्षे चालली. खड्ड्यात काय पाहिले, ते मी एकदाही सांगितले नाही.

संध्याकाळी निरोप आला, की नळ जागचा हलला नाही, पाणी सोडले आहे. तुम्ही डोळे मिटून हात जोडलेत. लोक मात्र म्हणाले, काही झाले नाही, उगाच हट्ट केला.

बाबा, तुम्ही हात जोडलेत तेव्हा माझ्या मनात काय होते, ते तुम्हांला कधी कळले नाही. अमावास्येला रिकामा केल्यावर नळ वर आला असता, गाव तहानले असते, तरी चालले असते. माझ्या पंगतीला गोड पाणी हवे होते.

हे पत्र कुठे धाडायचे नाही, देवघरात राहील. ज्याच्या दृष्टीस पडेल त्याचे मंगल होवो. त्याच्या दारी कोणी तहानलेले न राहो.