न विचारलेल्या कोड्याचं उत्तर

भोकरदन, गुरुवार, दिवेलागण

पार्वते, हातातलंच झाकण घरभर शोधणारी तू, आजचं उद्या विसरशील. म्हणून माझी मलाच आठवण राहावी म्हणून सुनेकडून वहीत लिहून घेते.

नात चिऊ दुसरीत हाय, अन् शिकवणीत तयारी चालू हाय पाचवीच्या बुद्धिमत्ता चाचणीची. प्रश्नाखाली चार उत्तरं, चार गोल, बरोबर असंल तो काळा करायचा. आता तिला "भात खातीस का?" विचारलं तर म्हणते, "आजी, बाकीचे तीन सांग."

आज तिच्यासाठी नवं कोडं मनात जुळवून राह्यले होते. तोंडसुद्धा उघडलं न्हवतं. ती भिंतीकडं तोंड करून गोल भरत बसलेली. न वळताच म्हणाली, "सावली."

उत्तर बिलकुल बरोबर. आधी कोडं सुटलं न्हाई की "आजी, तू लबाड" म्हणून भांडायची. आज हसलीसुद्धा न्हाई.

"कसं कळलं गं?"

"बाकीचे तीन चूक होते."

कोणते तीन? विचारायची हिंमत झाली न्हाई. गोल मात्र काळे होत राह्यले.

सूनबाई, हात थांबवू नको, हेही लिही. उद्या शिकवणीच्या डब्यात धपाटे दे, अन् ठेचा रोजच्यापेक्षा तिखट कर. पोर पहिल्यासारखी रडत, भांडत घरी आली तर मला झोप लागंल.