फळ्यावरचं तूप

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. संगप्पामामांस,
वैष्णवीचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. दुधनीत मामी नि पोरं बरी असतील. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद.

माझं पीएच.डी.चं चाललंय. कन्नडातून मराठीत कोणते शब्द आले नि कसे बदलले, हा विषय. परवा कॉलेजात फळ्यावर लिहून दाखवलं: अक्का, अण्णा, तुप्पचं तूप. टाळ्या पडल्या. डोंबलाच्या टाळ्या!

लिहूनच टाकते. सगळे ठीक नाहीत. दिवाळीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण मराठी पार गेली. आता बोलते ते कन्नडच. बाबा "सुनंदा, सुनंदा" करत बसतात. सासरचं ते नाव तिला ओळखू येत नाही.

आणि मला ती ओळखू येत नाही, मामा! 'आमच्या घरात मराठीच बोलायची' असं म्हणत आजीनं सुनेचं तोंड बांधलं, बाबांनी तेच पुढं चालवलं. आम्हा बहिणींच्या कानावर कन्नड पडूच दिलं नाही. असा संताप येतो ना, वाटतं ती पीएच.डी. चुलीत घालावी.

काल ती कितीतरी वेळ काहीतरी सांगत होती. त्यात 'तुप्प' ऐकलं, 'अण्णा' ऐकलं. दोन्ही माझ्या फळ्यावरचे शब्द. मी शहाणी धावत गेले, तुपाची वाटी आणून भाकरीवर वाढायला लागले. तिनं माझा हात झटकला नि लहान पोरीसारखी रडायला लागली.

शेवटी शेजारच्या बजाबाईंना बोलावलं. त्या अक्कलकोटकडच्या. ऐकून म्हणाल्या, "तुपाला हात लावू नगंस म्हनतीया. अण्णा जेवायचा ऱ्हायलाय, त्याला वाढायचंय की."

आमच्या दिपालीच्या लग्नात तुम्ही मामा म्हणून तिच्या पाठीशी उभे होता. बाबा कानात म्हणाले, पाव्हण्यांसमोर कन्नड बोलू नका. तुम्ही अक्षता टाकल्या नि न जेवता गेलात. आई तेव्हा एक शब्द बोलली नव्हती. ती अजून तुमचं ताट वाढून बसली आहे.

बाबांवरचा राग बाबांवर काढा, मी मध्ये पडणार नाही. पण या. तिला निंगव्वा म्हणून हाक मारणारं इथं कुणी नाही.

आणि येताना जेवून येऊ नका.

तुमच्या निंगव्वाची मुलगी,
वैष्णवी