हापा

सातारा
७ फेब्रुवारी २०२१

चि. सुनेत्रास,
आशीर्वाद.

बारा वर्षांनी तुला पत्र लिहीत आहे. कारण एका शब्दाचे आहे, तेव्हा गैरसमज नसावा.

आज सकाळी तू आणि तुझी आई फोनवर बोलत होतात. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. वाचताना कानांवर पडते, त्याला माझा इलाज नाही. तुझी मृण्मयी आजीला म्हणाली, की ती हापा आहे. तुझी आई म्हणाली, अरे वा. तिने ते कसलेसे बक्षीस समजून शेजारच्या दत्ताभाऊंना सांगितले. दत्ताभाऊंनी अभिनंदन कळवले आहे.

मी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केले. घरातल्या तिन्ही कोशांत हा शब्द नाही. आजार असेल तर स्पष्ट लिही. सध्या रोज नवी नावे ऐकू येतात.

तुझी आई दिवसातून तीनदा वाफ घेते आणि मलाही घ्यायला लावते. या पत्राचा फोटो तीच पाठवील. टपालाचे सध्या खरे नाही.

कळावे.
बाबा


नायमेखन
१० फेब्रुवारी २०२१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहिलं. अक्षर तसंच आहे. आजार नाही.

हापा हा हवाई बेटांवरचा शब्द. आई एका वंशाची, बाप दुसऱ्या वंशाचा, अशा मुलाला तिथे हापा म्हणतात. अमेरिकेत अशी मुलं स्वतःच स्वतःला हापा म्हणवू लागली, आणि इंटरनेटवरून तो शब्द आमच्या घरात आला. मी इथली, योरिस इथला, म्हणून ती हापा. पुढच्या महिन्यात तिला वर्गात एका विषयावर बोलायचं आहे. तिने हाच शब्द निवडलाय. डचमध्ये हाप म्हणजे घास, त्यामुळे वर्ग आधी हसणार, हे तिने धरून ठेवलंय.

इथे गुडघाभर बर्फ आहे आणि रात्री नऊनंतर संचारबंदी. योरिस आणि मी एकाच टेबलावर दोन ऑफिसं चालवतो. दत्ताभाऊंना धन्यवाद सांगा.

आपली
सुनेत्रा


सातारा
१५ फेब्रुवारी २०२१

चि. सुनेत्रास,
आशीर्वाद.

‘मी इथली’ असे तू लिहिले आहेस. तिथे बसून इथली लिहिलेस. चूक आहे, पण मी दुरुस्त केलेली नाही.

दत्ताभाऊंच्या श्रीकांतने इंटरनेटवरून चार पाने छापून आणून दिली. शब्द मुळात इंग्रजी निघाला. इंग्रजांचा हाफ त्या बेटांवर गेला. त्यांच्या भाषेत फ नाही आणि शब्द व्यंजनावर थांबत नाही. म्हणून हाफचे हापा झाले. अर्थ भाग, तुकडा, अपूर्णांक. आपण तरी वेगळे काय केले? हाप चड्डी, हाप तिकीट. साताऱ्याचा आणि हवाईचा माणूस एकाच ठिकाणी अडला, याचे मला दोन दिवस समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी वाटेनासे झाले. नऊ वर्षांच्या मुलीने स्वतःला अर्धे का म्हणवावे? हे तिच्या डोक्यात कुणी घातले, ते कळव.

बाबा


नायमेखन
१९ फेब्रुवारी २०२१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

विचारलंत म्हणून सांगते.

डिसेंबरात शाळा बंद व्हायच्या आदल्या दिवशी थाइस नावाच्या मुलाने तिला मैदानावर अर्ध्या रक्ताची म्हटलं. डचमध्ये त्याला एक जुना शब्द आहे, घोड्यांनाही लावतात. ती घरी आली, जेवली, आणि मग मला विचारलं, की अर्धी म्हणजे वरची की खालची. योरिस शाळेला फोन करायला उठला. तिने करू दिला नाही. तीन दिवस ती संगणकासमोर बसली आणि हापा शोधून काढला. म्हणाली, अर्धं म्हणणारच असतील, तर शब्द माझा असेल.

बाबा, थाइस नऊ वर्षांचा आहे. तुम्ही बासष्ट वर्षांचे होतात. माझ्या लग्नाला न येण्याची कारणं तुम्ही पत्रात लिहिली होती. तिसरं कारण असं होतं, की होणारी मुलं अर्धवट निपजतील, धड इकडची ना तिकडची. ते पत्र मी दोन घरं बदलली तरी टाकलेलं नाही.

आईला हे वाचून दाखवू नका.

सुनेत्रा


सातारा
१ मार्च २०२१

चि. सुनेत्रास,
आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर चार वेळा लिहिले आणि फाडले.

वाक्य माझेच आहे. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती, म्हणून मला ते बरोबर वाटले. आयुष्यभर मी तेवढेच तपासत आलो. चूक होती ती माझी, आणि ती बारा वर्षे तशीच राहू दिली, हीदेखील माझी. तुझ्या आईने मला तेव्हाच सांगितले होते. मी तिला मध्ये बोलू नकोस म्हणालो.

मृण्मयी वर्गात बोलेल तेव्हा मला स्क्रीनवर बसता येईल का? तिची इच्छा असेल तरच. तिला विचार आणि ती म्हणेल तसेच्या तसे कळव.

बाबा


नायमेखन
१२ मार्च २०२१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मृण्मयी बोलली तेव्हा कॅमेरा फळ्याकडे होता, त्यामुळे तुम्हाला वर्ग दिसला नसेल. आणि भाषण डचमध्ये होतं. म्हणून बाईंनी मला सांगितलेलं लिहिते.

घासाला सगळे हसले. मग तिने तुमचं हाप तिकीट सांगितलं, त्यालाही हसले. शेवटी ती म्हणाली, की हवाईच्या काही लोकांना बाहेरच्यांनी हा शब्द वापरलेला आवडत नाही, तिने तो विचारून घेतलेला नाही, आणि कुणी मागितला तर ती परत देईल.

मग बाईंनी तुम्हाला इंग्रजीत विचारलं, की अशा मुलांना मराठीत काय म्हणतात. तुम्ही म्हणालात, शब्द आहे, मी तो एकदा वापरलेला आहे, आणि तो मी या वर्गाला शिकवणार नाही.

थाइसने माफी मागितलेली नाही. मधल्या सुट्टीत त्याने मृण्मयीला विचारलं, तुझे आजोबा घरीही असेच असतात का. तिने खरं ते सांगितलं, की तिला अजून माहीत नाही.

विमानं नीट सुरू झाली की आईला घेऊन या. पासपोर्टचं आत्तापासून बघा.

संध्याकाळी मृण्मयीने मला विचारलं, आजोबांनी वापरलेला तो शब्द कोणता. मी म्हटलं, आठवत नाही.

लोभ आहे, तो आता लांबूनच ठेवू नये.

आपली
सुनेत्रा