कोंडीतली संध्याकाळ

१२ जानेवारी, सोमवार

आजही खारेगावच्या पुढे सगळं ठप्प. कंटेनर बंद पडलेला. घरच्या ग्रुपवर टाकलं — "अडकलेय". नवऱ्याचा, विनीतचा अंगठा आला. चपला काढल्या, सीट मागे घेतली, संत्रं सोललं. शेजारच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर हात आपटत होता. मला त्याची कीव आली, आणि थोडं हसूही.

कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण दिवसातली हीच वेळ माझी. ऑफिसात केदार सर, घरी सासरे — अण्णा. सासऱ्यांना लकवा झाला तेव्हापासून सासूबाई दिवसभर त्यांच्यापाशी असतात. मी वर्तकनगरच्या ऑफिसातून डोंबिवलीला घरी पोचले की पाळी माझी — भरवणं, कूस बदलणं, औषधं. विनीतला ते जमत नाही. म्हणजे, त्याला जमत नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

२० जानेवारी, मंगळवार

आमच्या विभागाची योजना मंजूर झाली! दोन फेब्रुवारीपासून, दोन महिने, प्रयोग म्हणून. गर्दीच्या वेळी खाजगी गाडी माजिवड्यातून नेली की पैसे भरायचे. त्या पैशातून वर्तकनगर ते डोंबिवलीच्या मोठागावपर्यंत बस, सारखी, आणि तिला रस्त्यावर स्वतःची वेगळी मार्गिका. आमच्या कागदांवर याला कोंडी शुल्क म्हणतात. लोक टोल म्हणून शिव्या घालतायत.

केदार सरांनी पेढे वाटले. "अक्षदा, हे तुझं बाळ आहे." मार्गिकेची आखणी खरंच माझी. चांगली झालीय. पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

२ फेब्रुवारी, सोमवार

रस्ता मोकळा. गेल्या कित्येक वर्षांत असा पाहिला नव्हता. संत्रं तसंच पर्समध्ये राहिलं. सासूबाई दारात — "अगंबाई, एवढ्या लवकर?" अण्णांचं अंग पुसायचं राहिलं होतं, ते मीच केलं.

३ फेब्रुवारी

आजही मोकळा.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाईचा वेळ वाचला की घरात तो लगेच वाटला जातो. अंग पुसणं आता कायमचं माझ्याकडे. रात्रीच्या पोळ्याही. विनीत संध्याकाळी जिमला जायला लागलाय — "तू आता लवकर येतेस ना." बरोबरच आहे त्याचं. कुणाची चूक काढता येत नाही, याचाच जास्त राग येतो.

आज मोठागावच्या पुलाच्या अलीकडे पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली आणि टाकलं — "अडकलेय". लगेच विनीतचा फोन. "मॅप तर सगळा हिरवा दाखवतोय. गाडी बंद पडली का? येऊ का मी?" काळजीनेच विचारत होता बिचारा. पेट्रोल भरतेय म्हटलं आणि निघाले. टाकी सकाळीच भरली होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी नेणं बंद. विनीत म्हणाला, "तुमचीच बस, आणि तूच टोल भरून गाडीने जातेस? ऑफिसात कळलं तर हसतील."

बस छान आहे. लिहिताना जिवावर येतंय, पण आहे. खिडकीपाशी बसायला मिळालं. शेजारची बाई मुंब्र्याच्या बाजूची, नर्स. म्हणाली, "आता पोरगी झोपायच्या आत घरी पोचते मी."

पण बस फोनवर दिसते. नकाशावर निळा ठिपका सरकत राहतो. तो ठिपका ठेवा म्हणून बैठकीत भांडलेली मीच. मोठागावला उतरायच्या आत विनीतचा मेसेज — "पूल ओलांडलास. दूध घेऊन ये."

१८ फेब्रुवारी

दूध आणलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोग पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा, यावर पहिला अभिप्राय मी द्यायचा. केदार सर म्हणाले, "दुकानदार ओरडतायत. वरचे डळमळीत झालेत. तू जे लिहिशील त्यावरच जाईल बघ."

गुंडाळणं किती सोपं आहे! दुकानदारांच्या तक्रारी पहिल्या पानावर घ्यायच्या, बसचे आकडे शेवटी ढकलायचे. एक अक्षर खोटं लिहायला नको. पुन्हा रस्ता तुंबेल, पुन्हा माझं संत्रं. दिवसभर तेच डोक्यात. त्या नर्सबाईचा चेहरा आठवून लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी अण्णांचा डोळा लागला. सासूबाई आणि मी मेथी निवडत बसलेलो. एकदम म्हणाल्या, "त्या ट्रॅफिकमध्ये तू बरी होतीस गं. हल्ली तोंड उतरलेलं असतं."

मी देठं तोडत राहिले. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. लग्न होऊन कोपरीच्या चाळीत आल्या तेव्हा नळ खाली, अंगणात. "सासू विचारायची, दोन हंड्यांना एवढा वेळ? मी सांगायची, रांग होती. असायचीच रांग. नसली तरी मी सांगायची."

पुढे घराघरात नळ आले. चाळीने नारळ फोडला. "सगळ्या नाचत होत्या. मी मोरीचं दार लावून रडले."

"म्हणजे नळ नको होता तुम्हाला?"

"वेडी का काय? शेजारची शकू पोटुशी असताना हंडा घेऊन जिन्यावर पडली होती. नळ हवाच होता. फक्त, आता तू कुठे जाशील, असं मला कुणी विचारलं नाही."

"मग कुठे जायचात?"

"देवळात. देवाची मला काही फार ओढ नव्हती. पण तिथून कुणी हाक मारून बोलवत नाही."

दोघी खूप हसलो. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात अण्णांनी हाक मारली आणि त्या मेथी तशीच टाकून उठल्या. तेव्हा लक्षात आलं — अण्णा आजारी पडल्यापासून सासूबाई देवळातसुद्धा गेलेल्या नाहीत. मी माझ्याच तासाचं घेऊन बसले होते.

९ मार्च, सोमवार

अभिप्राय दिला. चालू ठेवा म्हणून लिहिलं, कारणांसकट, बसचे आकडे पहिल्या पानावर.

येताना सासूबाईंच्या नावाने बसचा पास काढला. विनीत म्हणाला, "आईला कुठे जायचंय?" त्यांनीही "मला कशाला गं" म्हणत तो डब्याखाली सारून दिला. वाईट वाटलं.

१४ मार्च, शनिवार

शनिवार असूनही ऑफिसात जावं लागलं. आले तर दार विनीतने उघडलं. हातात पेजेची वाटी, शर्टावरही पेज. "आई दुपारी भाजी आणते म्हणून गेली ती अजून नाही. मीच भरवलं अण्णांना." अण्णा शांत पडून होते. तोंडही पुसलेलं होतं.

डब्याखाली पाहिलं. पास नव्हता.

फोन लावला. "अगं, बसला काय ही रांग! कधीची उभी आहे. उशीर होईल बाई." आणि मागून तो बसमधला रेकॉर्ड केलेला आवाज, अगदी स्पष्ट — पुढील थांबा, कापूरबावडी.

"काय म्हणतेय?" विनीतने विचारलं.

"रांग आहे म्हणे."

"रांग? दर पाच मिनिटांनी बस आहे ना तुमची?"

"संध्याकाळचं काही सांगता येत नाही," मी म्हटलं. "मी त्यांना आणायला जाते. तू तेवढी अण्णांची कूस बदल."