एरियल वर असेपर्यंत

नाना, तुमच्या गाडीचं एरियल परवा दुरुस्त झालं. हे सांगावं असं दुसरं कुणी नाही. म्हणजे माणसं पुष्कळ आहेत, पण सांगितलं की ती "बरं झालं" म्हणतात आणि पुढच्या विषयाला लागतात. धाकट्याला तर सगळी नसती उठाठेव वाटली. गाडी उभी आहे त्या शेडच्या जागी त्याला द्राक्षं पॅक करायला मोठी खोली बांधायची आहे, आणि गाडी मुंबईच्या एका हौशी माणसानं पसंत केली आहे. रविवारी तो ती ट्रकवर चढवून नेणार. "ताई, त्याला एरियल नकोच हाय. म्हणला, कापून टाका, भोक मी बुजवून घेतो," असं धाकटा फोनवर म्हणाला. मी नाशिकला, इंदिरानगरच्या माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. म्हटलं, "हात लावून तर बघ." नातवंडं झालेल्या भावाशी असं बोलू नये हे मला कळतं, पण मी तुमच्यावर गेले आहे, त्याला माझा इलाज नाही.

ती गाडी तुम्ही आणलीत ते साल द्राक्षाला चांगलं गेलं होतं. परदेशी, दुसऱ्याची वापरलेली, सायीच्या रंगाची, लांबलचक बॉनेटची. बागेत न्यायला जीप घ्यायची सोडून नानांनी वरातीची गाडी आणली, असं गावात लोक म्हणत, आणि तुम्हीच ते हसत हसत घरी येऊन सांगत होता. तुमचा खरा जीव मात्र तिच्या रेडिओवर. बटण दाबलं की मागच्या मडगार्डातून घुंऽऽ करत एरियल आपोआप वर यायचं, कांडीतून कांडी निघत, आणि रेडिओ बंद केला की तसंच गुणगुणत आत जाऊन टक् करून थांबायचं. घरातला रेडिओ नुसता खरखरायचा, म्हणून संध्याकाळचा हवामानाचा अंदाज तुम्ही अंगणात उभ्या गाडीत बसून ऐकायचात. छाटणी होऊन घड बाहेर पडायला लागले, की ढगाळ हवेचं नाव काढलं तरी घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरायचे. डावणीची बुरशी पडली तर एका रात्रीत बाग जायची. औषध रात्रीच मारायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्या गाडीत ठरायचं. त्यामुळं घरात नियमच होता, एरियल वर आहे तोवर नानांना हाक मारायची नाही. आई भाकरी टोपलीत झाकून ठेवायची, गडी हात धुऊन ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचे. मी वर बसून त्या चकचकीत काडीकडं टक लावायची. ती आत गेली, टक् झालं, की हाक मारायचं काम माझं. "नाना, जेवायला चला." दिवसभरात तुमच्याशी बोललेलं माझं बहुधा तेवढं एकच वाक्य असायचं, आणि त्यासाठी मी दिवसभर थांबलेली असायची.

एकदा मी एरियल वर असताना हाक मारली. भूक लागली होती आणि आईनं वांग्याचं भरीत केलं होतं, एवढंच कारण. तुम्ही काच खाली केलीत आणि म्हणालात, "डोळे कुठं ठेवलेस?" आवाज चढवला नाहीत. पण तेवढ्यात अंदाज सांगून झाला होता, आणि तुम्ही जेवायच्या आधी शेजारच्या मळ्यात चालत विचारायला गेलात. मी ओट्यावर बसून आहे, भरीत थंड होतं आहे, आणि बांधावरून तुमची बॅटरी हलत हलत परत येते आहे. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही मला उचलून गाडीत नेऊन बसवलंत, माझं बोट धरून बटणावर ठेवलंत आणि म्हणालात, "दाब." वर. "आता बंद कर." खाली. "कळलं? ते खाली आलं की मी तुमचा." त्या वयात मला ते फक्त यंत्राबद्दल वाटलं होतं.

आणि दसरा. सगळ्या गाड्या, पंप, फवारणीची टाकी धुऊन अंगणात ओळीनं लावायची, झेंडूच्या माळा घालायच्या. आईचा हट्ट असा की एरियल वर काढून द्यायचं, आणि ती त्याला खोबरेल तेल लावून, वर हळदकुंकू वाहायची, देवाच्या समईला करावं तसं. तुम्ही पहिल्या वर्षी म्हणालात, "अगं, त्याला तेल नको. माती धरतं, आत जाऊन बसतं." आई म्हणाली, "तेल नाय, कुंकू नाय, मग पूजा कशाची?" तुम्ही एरियल वर काढून दिलंत. पण दिवस मावळताना, ती आत स्वयंपाकात असताना, तुम्ही रॉकेलचं फडकं घेऊन शेडमध्ये गेलात आणि एकेक कांडी वरून खाली पुसून काढलीत. मला पाहिलंत तेव्हा बोट ओठांवर ठेवलंत. पुढं दरवर्षी हेच. ती लावायची, तुम्ही पुसायचात, आणि तेल लावलं म्हणून एरियल कसं सुरळीत चालतं हे ती आल्यागेल्याला सांगायची, तुम्ही मान हलवायचात. इतका सुखाचा संसार मी नंतर फार ठिकाणी पाहिला नाही, स्वतःच्या घरीही नाही.

शेवटच्या दिवशी तुम्ही गाडीतच होता. संध्याकाळ, अंदाज चालू, एरियल वर. आई म्हणते, बराच वेळ झाला, पण नियम म्हणून कुणी हाक मारली नाही. शेवटी गड्यानं काचेतून डोकावून पाहिलं. मग धावाधाव, नाशिकचा दवाखाना, मला फोन. मी पोचले तेव्हा तुम्ही नव्हता. त्या गडबडीत रेडिओ कुणी बंद केला नाही, बॅटरी बसली, आणि एरियल जसं होतं तसं उभं राहिलं. गाडी ढकलून शेडमध्ये नेली. नंतर हातानं खाली दाबून बघू, असं धाकटा म्हणाला तर आई त्याच्या अंगावर गेली, "मोडंल ते, हात नको लावू." तेव्हापासून ते वरच होतं नाना. शेडमध्ये कांद्याच्या गोणी आल्या, ड्रिपच्या नळ्या आल्या, लहान मुलांचे लपंडाव झाले. तिथून जाताना आम्ही सगळेच जरा हळू बोलायचो. आणि दर दसऱ्याला आईनं तेल लावलं. पुसणारं कुणी नव्हतं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे एक मिस्तरी मळ्यावर यायला तयार झाले, त्यांना घेऊन मी आले; तोंडात सुपारी आणि बोलणं अखंड. धाकट्यानं नवी बॅटरी बसवून ठेवली होती. मिस्तरींनी वरचा नट खोलून काड्या उपसून काढल्या, त्यांच्या बुडाला दातेरी प्लॅस्टिकची दोरी असते ती कडक होऊन तुटलेली. ती दोरीच काड्यांना वर ढकलते आणि खाली ओढते. मग डिकीतून मोटरची डबी काढून उघडली. आत काळपट लाल लगदा, त्यात झेंडूच्या पाकळ्या. "ताई, ह्यात कुंकू कोणी भरलं?" मी म्हटलं, "जुनी गाडी आहे, गंज असेल." ते म्हणाले, "गंजाला खोबरेलाचा वास कधी येतो का?" आई मागच्या दारात शेंगा सोलत होती. मी त्यांच्याकडं बघून बोट ओठांवर ठेवलं. ते करताना माझं बोट क्षणभर तुमचंच वाटलं. मिस्तरींनी डबी पेट्रोलनं धुतली, जुन्या बाजारातून आणलेली दोरी घातली. मोटर फिरली पण दोरी हलेना. दाते उलट्या बाजूला आले होते. "माझंच चुकलं," म्हणत त्यांनी ती काढून फिरवून बसवली आणि मला म्हणाले, "बसा पुढं. रेडिओ लावा."

तुमच्या सीटवर मी बसले. बटण दाबलं. घुंऽऽ. वर गेलं. रेडिओला खरखरीशिवाय काही लागेना, पण मी ऐकत बसले. "आता बंद करा," मिस्तरी म्हणाले. मी केला नाही. धाकटा काचेशी आला, "ताई, बंद कर ना." मला हेच हवं होतं, तो आवाज, यासाठीच सगळा आटापिटा केला होता, आणि आता भीती वाटत होती. मग दाबलं. ते गुणगुणत आत आलं, आणि टक्. मागच्या दारातून, शेंगांवरची मान वर न करता, आई म्हणाली, "गेलं का आत? मंग त्यांना हाक मार की." म्हणाली आणि तिचे हात थांबले. धाकट्यानं तोंड फिरवलं. मी गाडीतून उतरले, ओट्याच्या पायरीवर गेले, आणि त्या परक्या माणसासमोर, या वयात, हाक मारली. नाना, जेवायला चला.

हे कागद गाडीच्या खणात ठेवावेत असं मनात होतं, पण तो खण रविवारी मुंबईला जाईल. तेव्हा ते माझ्यापाशीच राहतील. एक मात्र सांगून टाकते. मिस्तरी हत्यारं भरायला लागले तेव्हा मी म्हटलं, खाली येताना जरासं अडकतंय, पुन्हा एकदा बघा. त्यांनी पुन्हा वर घेतलं, खाली घेतलं, कान लावला. मी म्हटलं, अजून थोडं वाटतंय. अंधार पडेपर्यंत बिचारे करत राहिले. अडकत नव्हतं काही.