अकरा ठिकाणचं ‘माहीत नाही’

सर, पऱ्हाटी गुडघ्यावर मोडल्याचा तो कट् आवाज अजून माझ्या कानात आहे. कापूस वेचून झालेला, शाळेच्या कुंपणापलीकडच्या वावरात कपाशीच्या वाळक्या काटक्या, पऱ्हाट्या, उभ्या, आणि तुम्ही पँट घोट्यावर दुमडून त्या उपटून आणता आहात, एकेक मोडता आहात. आठवीचा आमचा वर्ग मैदानात गोल करून उभा आहे. पुस्तकात मशिदींच्या धड्याला जेमतेम दीड पान होतं. तुम्ही पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं आणि म्हणालात, चला, आज पहिली मशीद बांधू. चारी बाजूंनी चिखलाची वीतभर भिंत, मधे मोकळं अंगण, आणि नमाजाला ज्या दिशेला तोंड करायचं त्या बाजूला पऱ्हाट्यांच्या रांगा. ते म्हणे खजुरीचे बुंधे. वर वाळलं गवत, त्यावर मातीचा हात. झाली मशीद. मला तेव्हा पुस्तकातल्या सगळ्या कविता तोंडपाठ. चांदणं, संगमरवर, मिनार असले शब्द जिभेवर घोळत असायचे, आणि त्या चिखलात त्यातलं एकही दिसेना. मी विचारलं, सर, घुमट कुठं आहे? तुम्ही म्हणालात, घुमटाची घाई करू नको, त्याला अजून वेळ आहे. आधी उन्हातल्या माणसाला सावली पाहिजे.

मग तुम्ही आमच्यातल्या सगळ्यात दांडग्या पोराला मधोमध उभं करून चारी दिशांना दगड फेकायला लावले. तिकडं अरबांची नवीन गावं वसली तेव्हा असाच एक माणूस उभा राहून बाण सोडत होता म्हणे. बाण पडला तिथवर मशिदीची जागा, घरं त्याच्या बाहेर. राजवाडा आधी वेगळा होता. खजिन्यात चोरी झाली, तशी मशीदच उचलून वाड्याच्या भिंतीला लावली, कारण मशिदीत रात्रंदिवस कोणीतरी असतंच, राखण आपोआप होते. दगडी खांब आले ते पडक्या, जुन्या राजांच्या महालांतून. कोणी उंच, कोणी बुटका. बुटक्याच्या पायाखाली दगड सरकवून सगळ्यांची डोकी सारखी केली. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत असायचो आणि तुम्ही ऐन रंगात थांबायचात. म्हणायचात, असं सांगतात बुवा. खरं काय ते मला माहीत नाही. शिक्षकानं असं म्हणावं हे आम्हाला नवीनच होतं. मागून आम्ही तुम्हाला ‘माहीतनाही सर’ म्हणायचो. तुम्हाला ते ठाऊक होतं, नाही का? एकदा हजेरी घेताना तुम्हीच म्हणालात, ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं निदान स्पेलिंग तरी बरोबर लिहावं, मुतारीच्या भिंतीवर चुकलं आहे.

तुमच्यासारख्या दारव्ह्याच्या माणसाला हा मशिदींचा नाद कुठून लागला, हे मी फार पुढे विचारलं. मी तोवर स्वतः मास्तर झालेलो, मराठी शिकवत होतो. एसटी स्टँडवर आपण चहा घेत होतो. तुम्ही कपातच बघत बोललात. “माह्या आज्यानं देवळाची बाहेरचीच बाजू पाह्यली. मग माह्या बापानं धम्म घेतला. मले लहानपणापासून वाटे, अशी एखादी इमारत असन का, की जिच्यात गाभाराच नाही. आधी येईन तो पुढं, मागून येईन तो मागं.” आणि लगेच, मी भारावून काही बोलेन या भीतीनं की काय, पुढं जोडलंत की नंतर राजांनी तिथंही आपल्यासाठी लाकडी जाळीचा कोपरा करून घेतलाच, तेही लिहून ठेवलं आहे.

ती वही. नागपूरहून पोस्टानं मागवलेली इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचत तुम्ही वीस वर्षं लिहिलेली. निवृत्त होऊन तुम्ही बाभुळगावला राहायला गेलात, डोळे अधू झाले, आणि एका रविवारी ती वही माझ्या हातात दिलीत. म्हणालात, तुझं अक्षर चांगलं आहे, फक्त उतरवून दे. काकूंनी चहा आणला होता. मी वही कपाळाला लावली आणि तुम्ही वैतागून म्हणालात, ग्रंथ नाही तो, खाली ठेव, चहा घे.

ती कापसाची वाईट वर्षं होती सर. आम्हा मास्तरांना शाळा सोडून गावोगाव पाहणीला जुंपलं होतं. कपाशी का गेली, असा एक रकाना होता: पाऊस, कीड, बियाणं. मी दारासमोर खाटेवर बसायचो, माणूस समोर उकिडवा. का गेली म्हणून विचारलं की तो आभाळाकडं बघे, मग वावराकडं, मग म्हणे, “काय मालूम गुरुजी. पाती धरली होती, फुलाआधीच गळून गेली.” रकाना मोकळा ठेवला तर वरचे कागद परत पाठवायचे. पहिले दोन दिवस मी मोकळा ठेवला. तिसऱ्या दिवसापासून ‘कीड’ लिहू लागलो. मग एका गावात सगळीकडं ‘कीड’ आणि पुढच्या गावात सगळीकडं ‘पाऊस’, म्हणजे बरं दिसावं. संध्याकाळी जीपमधून घरी यायचो, अंगावर धूळ, डोक्यात काही नाही, आणि कंटाळा घालवायला तुमची वही उतरवायला बसायचो.

त्यात जागोजागी तेच. पहिल्या मशिदीच्या जागी आधी घर होतं आणि त्याची मशीद झाली, की आधीपासूनच मशीद? माहीत नाही. भिंतीतला मेहराबाचा कोनाडा कुठून आला? महालातल्या सिंहासनामागच्या कमानीतून, की गिरिजाघरातून? माहीत नाही. मिनार? माहीत नाही. वाळवंटात बांधलेले ते महाल, न्हाणीघरांच्या भिंतींवर नाचणाऱ्या बाया रंगवलेल्या, ते शिकारीसाठी की शेतीसाठी, की वाळवंटातल्या टोळ्यांच्या म्होरक्यांना जेवू घालायला? माहीत नाही. एका अर्धवट राहिलेल्या महालाच्या दर्शनी भिंतीवर डावीकडं वेलींमध्ये पशुपक्षी कोरलेले आणि उजवीकडं नुसत्या वेली. उजव्या भिंतीमागे मशीद होती म्हणून का? असावं. माहीत नाही. मला ते रकाने दिसायला लागले. हात सवयीनं चालला. मेहराबापाशी तर मी रंगातच आलो. लिहिलं, ‘प्रार्थनेपूर्वी भिंतीने श्वास आत ओढून घेतला, तो मेहराब.’ वाक्य झाल्यावर मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या होत्या.

तुम्ही भिंग धरून ती सुवाच्य प्रत वाचलीत. दुपारभर. मी समोर बसून कौतुकाची वाट पाहत होतो.

“हे मशीद आहे का लग्नाची पत्रिका?” तुम्ही म्हणालात. “अन् माह्यं ‘माहीत नाही’ कुठं गेलं? अकरा ठिकाणी लिवलं होतं मी.”

मी म्हणालो, पुस्तकात बरं दिसत नाही सर.

“मी तिथं दार ठेवलं होतं, मागून येणाऱ्याले आत जाता यावं म्हणून. तू ईट लावून बुजवून टाकलं. काहून?”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. पुन्हा उतरव, जसंच्या तसं, एवढं म्हणून तुम्ही डोळे मिटून पडलात. मी हो म्हणालो. मूळ वही मी शाळेच्या लाकडी कपाटात ठेवली होती. पाहणी संपून शाळा सुरळीत झाल्यावर कपाट उघडलं तर आत वाळवीची माती. पुठ्ठा तेवढा शाबूत होता. तुम्हाला सांगायला म्हणून मी बाभुळगावला आलो आणि तुम्ही विचारलंत, कुठवर आलं? मी म्हणालो, चालू आहे सर. पुढच्या खेपेलाही तेच. दोन वर्षं चालू होतं ते. मग तुम्ही विचारायचं सोडून दिलंत.

तुम्ही गेल्यावर आता तुमची मुलगी ते छापते आहे. मागच्या महिन्यात येऊन माझी प्रत चाळून गेली, दोन पानांचे फोटो काढून नेले, आणि उद्या ती प्रत छापखान्यात न्यायला येणार आहे. गेले आठ दिवस मी रोज सकाळी ती उघडून बसतो, पेन्सिलीनं तुमची दारं पुन्हा पाडायचा प्रयत्न करतो. सात ठिकाणं आठवली. चार आठवत नाहीत. तिथं माझं आणि तुमचं इतकं मिसळलं आहे की मलाच ते खरं वाटायला लागलं आहे. थकलो सर. अक्षरही आता चांगलं राहिलं नाही. काल ठरवून टाकलं की आहे तशी प्रत देऊन मोकळं व्हायचं. कोण विचारायला येतं?

आणि एक सांगतो, हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच सांगता येतं. परवा तिचा फोन आला. तिनं ते श्वासाचं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाली, काका, हे बाबाच लिहू जाणे. मी गप्प राहिलो. भीतीनं नाही. मला छान वाटलं.

इथवर लिहिलं आणि सून सांगत आली की कोणी म्हातारी बाई जीपमधून उतरल्या आहेत, तुम्हाला विचारताहेत. काकू. तुम्ही गेल्यापासून माझ्या दारात एकदाही न आलेल्या, एकट्या, यवतमाळला गाडी बदलून. खुर्ची दिली तर ओट्यावरच टेकल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, “पोरगी उद्या येऊन राह्यली. तिच्या आधी आली मी. फोटोतली दोन पानं तिनं वाचून दाखवली मले, त्यात त्यायचं ‘माहीत नाही’ नव्हतं. तिले यातलं काही मालूम नाही.” मी काही बोलायच्या आतच पुढं म्हणाल्या, “मले लिहिता-वाचता नाही येत. पण ते लिहीत तसं रोज मले वाचून दाखवत. वीस वर्षं ऐकलं म्या. तू वाच. जिथं त्यायचं नसन, तिथं मी थांबवीन.”

त्या मोरीवर पाय धुताहेत, तेवढ्यात हे खरडतो आहे. प्रत काढून ठेवली आहे. पेन्सिलीला टोक करतो.