सतरा नंबरचं पिस्तूल

४ मार्च, मंगळवार

अडतीस. दोनदा मोजली. अडतीस पुठ्ठ्याच्या पेट्या, प्रत्येकीत तेलकट कागदात एक काळं पिस्तूल. आपल्याच काउंटीच्या पोलिसांची. शेरीफच्या ऑफिसने नवी घेतली, जुनी बदल्यात लेक्झिंग्टनच्या ठोक व्यापाऱ्याला दिली, आणि त्याच्याकडून ती डेल्मरच्या बंदुकांच्या दुकानात आली, जिथे मी कामाला आहे. शेरीफचं ऑफिस इथून दोन गल्ल्यांवर. दोन गल्ल्या यायला दोनशे मैल फिरली!

डेल्मर गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेला होता. जाताना बजावून गेला, "मी येईपर्यंत पेट्यांना हात लावायचा नाही, कॉर्बिन." लावला. सांगितलेलं ऐकायची सवय असती तर मी आज कॉलेजात असतो.

मला एकच बघायचं होतं. प्रत्येकाच्या मुठीखाली ऑफिसचा नंबर कोरलेला असतो. एकतिसाव्या पेटीत सापडला. १७. व्हर्नन स्टिडमचं. शेल्बीच्या वडिलांचं.

नंबर नसता तरी ओळखलं असतं. बाकीची सगळी उजव्या अंगाने घासलेली, गाडीच्या दाराला, सीटबेल्टला घासून घासून पांढरी पडलेली. हे एकच डावीकडून. व्हर्नन डावखुरा होता. जेवायला बसला की मला कोपर लागायचं आणि वर तोच म्हणायचा, "सरकून बस की जरा. जावई व्हायचंय ना तुला?"

ऑक्टोबरात गेला. ड्यूटीवर असताना, नदीकाठी, गाडीत. हार्ट अटॅक. बावन्न वर्षांचा.

५ मार्च

काल डेल्मर आला, उघड्या पेट्या बघितल्या. ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. १७ नंबरचं हातात घेतलं, खिशातून रुमाल काढून त्यात गुंडाळलं आणि मागच्या तिजोरीत ठेवलं. म्हणाला, "हे विकायचं नाही."

मी म्हटलं, "मी घेतो."

"तू वीस वर्षांचा आहेस."

"बावीस तारखेला एकवीस पूर्ण होतात."

"बघू."

बघू म्हणजे काय? कोणातरी हौशी माणसाला चढ्या भावाने द्यायचं असणार. कायदा तरी काय अजब! पिस्तूल विकायला मी चालतो, विकत घ्यायला चालत नाही.

घेऊन काय करणार, तेही लिहून ठेवतो. शेल्बीला देणार. आपल्याकडे रीत आहे. पोलीस निवृत्त झाला की शेरीफ त्याला त्याचं पिस्तूल लाकडी पेटीत घालून देतो, सगळ्यांसमोर, वर नावाची पितळी पट्टी. नोकरीत असताना गेला तर तीच पेटी बायकोच्या हातात देतात. व्हर्ननची चोवीस वर्षं झाली होती. अंत्यविधीला झेंडा दिला घडी करून. पेटी दिली नाही. का नाही, ते कोणी विचारलंही नाही. आणि आता त्याचं पिस्तूल भंगारासारखं बदलून टाकलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी त्या दिवशी संध्याकाळीच कॉलेजला परत गेलो. दुसऱ्या दिवशी पेपर होता. शेल्बीला विचारलं होतं, जाऊ का? ती "जा" म्हणाली, आणि मी गेलो. पेपरात नापास झालो. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगनंतर ती फोन उचलेनाशी झाली. जानेवारीत कॉलेज सोडून आलो तेव्हा तिच्या दारात उभा राहिलो, तर म्हणाली, "मी तुला बोलावलं नव्हतं, कॉर्बिन."

बोलावलं नव्हतं, खरं आहे.

८ मार्च, शनिवार

दिवसभर गर्दी. बातमी सगळीकडे पसरली आहे. नऊ गेली.

एल्रॉय सकाळपासून स्टुलावर. शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त. रोज आमची कॉफी पितो, घेत काही नाही, पण माल आमच्यापेक्षा जास्त खपवतो. गिऱ्हाइकाला सांगतो, "पोलिसाचं पिस्तूल म्हणजे फक्त रविवारी चर्चला जाणाऱ्या म्हातारीची गाडी. वरून पत्रा घासलेला, आत इंजिन कोरं. वागवलेलं जन्मभर, झाडलेलं वर्षातून दोनदा, तेही परीक्षेपुरतं."

एकाने विचारलं, नेम धरायचे हे अंधारात चमकणारे हिरवे ठिपके असे मंद का? डेल्मर म्हणाला, "बारा वर्षांत निम्मे विझतात. तुमचं-आमचंही तेच होतं."

एल्रॉयला मी हळूच विचारलं, १७ नंबरचं तुमच्या नावावर घ्याल का माझ्यासाठी? तो तयार. डेल्मरचे कान मात्र गुडघ्यासारखे नाहीत. खरेदीचा सरकारी फॉर्म आणून आमच्यासमोर आपटला. "पहिला प्रश्न वाच. खरा घेणारा कोण? खोटं लिहिलंत तर दोघेही आत. आणि एल्रॉय, तिथे कॉफी वाईट असते म्हणतात."

ठीक. चौदा दिवस थांबतो.

११ मार्च

शेल्बी गुरांच्या दवाखान्यात कामाला आहे, रस्त्यापलीकडेच. आज एका माणसाचं शेळीचं पिल्लू दोन्ही हातांत धरून गाडीपर्यंत पोचवायला आली होती. केस कापलेत. कोणी मला सांगितलं नाही.

१४ मार्च

पेटी मीच करतोय. चेरीचं लाकूड, आजोबांच्या गॅरेजमधलं. कोपरे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बसले. आत हिरवी बनात लावली आणि मधे पिस्तुलाच्या मापाचा खळगा कापला, बाकीच्यांपैकी एकावरून माप घेऊन. पट्टीवर कोरून आणलं: डेप्युटी व्हर्नन स्टिडम, चोवीस वर्षं.

आई गॅरेजमध्ये आली. बघून म्हणाली, "छान झालीय रे." मग म्हणाली, "शेल्बीला विचारलंस का आधी?"

विचारून दिली तर ती भेट कसली?

१६ मार्च, रविवार

आज बोललो एकदाचा.

चर्चनंतर सगळे नेहमीच्या हॉटेलात. शेरीफ बॅल्यू बायकोबरोबर बसलेला, पुढ्यात पावासारखी गरम बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही. मी सरळ टेबलापाशी गेलो. म्हटलं, "व्हर्ननने चोवीस वर्षं तुमची चाकरी केली. तुम्ही त्याचं पिस्तूल मोडीत घातलंत. एक लाकडी पेटी जड झाली तुम्हाला?"

वेट्रेस हातात कॉफी घेऊन उभी.

शेरीफने काटा खाली ठेवला. म्हणाला, "जेवलास का पोरा? बस." एवढंच. मी बसलो नाही. तो उठला, बायकोला कोट घालायला मदत केली आणि ताटात अर्धं तसंच टाकून निघून गेला.

पळालाच तो. परत येताना गाडीत मला हसू येत होतं. जानेवारीपासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१९ मार्च

तीन दिवस. डेल्मर माझ्याशी कामापुरतं बोलतो. हॉटेलातलं कानावर गेलं असणार.

२२ मार्च, शनिवार

एकवीस.

दुकान उघडायच्या आधी पोचलो. फॉर्म भरला, प्रत्येक रकान्यात, सुवाच्य. काउंटरवर ठेवला. डेल्मरने चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण विकणार नाही."

मी म्हटलं, कायद्याने आता मला हक्क आहे.

"कायद्याने मला न विकायचाही आहे."

मग मी बोलायचं ते सगळं बोललो. कोणाला विकणार आहात, किती जास्त देतोय तो, व्हर्नन तुमच्याबरोबर तीस वर्षं हरणांच्या शिकारीला यायचा आणि तुम्ही त्याच्या नावावर धंदा करता. एल्रॉय "ए, ए, कॉर्बिन" म्हणत उठला. डेल्मर ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "झालं? आज घरी जा. मंगळवारी ये."

किल्ल्या काउंटरवर फेकल्या. मंगळवारी येतोय कोण!

उद्या शेल्बीकडे जाणार. पेटी रिकामी तर रिकामी. तिच्या वडिलांची वस्तू कोण दाबून बसलाय, ते तिला कळलं पाहिजे.

२३ मार्च, रविवार

घडलं तसं लिहितो.

दुपारी गेलो. तिची आई चर्चमध्येच होती. शेल्बी मागच्या पायरीवर बसून बूट धूत होती, दवाखान्यातले, शेणाने भरलेले. मी पेटी तिच्याजवळ ठेवली आणि भडाभडा सगळं सांगितलं. अडतीस पिस्तुलं, १७ नंबर, शेरीफ, डेल्मर. तिने हात पुसले. पेटी उघडली. त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

म्हणाली, "माप बरोबर घेतलंस."

मग म्हणाली, "शेरीफ पेटी घेऊन आला होता. दुसऱ्याच आठवड्यात. आईने दारातून परत पाठवली. पुन्हा या घरात आणू नका, असं लिहून दिलं त्याला."

मी विचारलं, का.

"हार्ट अटॅक नव्हता, कॉर्बिन."

ती रडली नाही. अगदी साध्या आवाजात सांगत होती, जनावराच्या मालकाला सांगावं तसं. नदीकाठी गाडी लावली. वायरलेसवर कळवलं की जेवायची सुट्टी घेतोय. सापडला तो शेरीफलाच, सतरा नंबरचं हातात. त्यानेच तिच्या आईला विचारलं, लोकांना काय सांगू? आई म्हणाली, काही सांगू नका. त्याने शब्द दिला.

आणि मी त्याला भर हॉटेलात...

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगणार होते. त्या दिवशी संध्याकाळी. तू विचारलंस, जाऊ का? सारखा घड्याळाकडे बघत होतास. मग म्हटलं, जा."

ती पुन्हा बूट धुवायला लागली. मी दुसरा बूट उचलला. तिने घेऊ दिला. तळाचं शेण काडीने काढत बसलो दोघं. आईची गाडी आली तसं म्हणाली, "आता जा. पेटी घेऊन जा."

"जा" म्हणाली की जायचं की नाही, मला अजून कळत नाही. आज गेलो.

२५ मार्च, मंगळवार

आधी शेरीफकडे. टोपी हातात धरून उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "त्या पोरीच्या बाजूने बोललास. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पुढच्या वेळी मला जेवू दे फक्त."

मग दुकानात. किल्ल्या मी फेकल्या होत्या तिथेच पडलेल्या. डेल्मर म्हणाला, "झाडून घे." झाडून घेतलं. एल्रॉयने न विचारता माझ्यासाठी कॉफी ओतली, हेच आश्चर्य.

दुपारी डेल्मर आपणहून बोलला. व्यापारी सुटा माल देत नव्हता. घ्यायचा तर पूर्ण लॉट. एका पिस्तुलासाठी अडतीस घेतली त्याने, कर्ज काढून, ते कोणा अनोळखी माणसाच्या उशाशी जाऊ नये म्हणून. काल दुकान बंद असताना एल्रॉयच्या शेडमध्ये कापलं. चार तुकडे. "तू आधी पेट्या उघडल्या नसत्यास तर कोणाला कळलंही नसतं," म्हणाला. चिडून नाही.

संध्याकाळी खाणीतला एक माणूस आला. बायको मुलांना घेऊन गेलीय त्याची, सगळ्या गावाला माहीत आहे. लांब बंदूक काउंटरवर ठेवली. म्हणाला, "थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे, डेल्मर." डेल्मरने का विचारलं नाही. पुठ्ठ्याची चिठ्ठी दिली, त्याने नाव लिहिलं, सुतळीने बांधली. डेल्मर म्हणाला, "गुरुवारी जेवायला ये. बीन्स करतोय." तो गेल्यावर मला म्हणाला, "असे येतात. वर्षाला चार-पाच. वेळ बरी आली की घेऊन जातात. नोंद नाही, भाडं नाही. मागे कपाट आहे."

२७ मार्च, गुरुवार

त्या खाणीतल्या माणसाची बंदूक कपाटात ठेवायला डेल्मरने आज मला पाठवलं. आत भिंतीशी तीन बंदुका आणखी होत्या, एकाच सुतळीत बांधलेल्या. चिठ्ठी डावीकडे कललेल्या अक्षरात. मागच्या सप्टेंबरची तारीख. "मी स्वतः मागायला आलो तरी देऊ नकोस. व्हर्नन."

डेल्मर मागे येऊन उभा होता. म्हणाला, "घरातल्या सगळ्या आणून दिल्या त्याने. चौथं, सतरा नंबरचं, काउंटीचं होतं. ते रोज सकाळी कमरेला लावावंच लागायचं. शेरीफला सांगितलं असतं तर व्हर्ननचा बिल्ला गेला असता, म्हणून मी गप्प बसलो."